संडासातला नळ

कागदानं पुसणारी माणसं मला स्वच्छता शिकवणार! हे माझं मत जर्मनीला जायच्या आधीही होतं आणि आजही आहे. हात शेणात पडला तर तुम्ही तो कागदानं पुसून जेवायला बसाल का? नाही ना? मग!

आमच्या धारवाडच्या घरात या विषयावर तीन वर्षं वाद चालला होता. बायकोचे गुडघे गेलेले. तिची एकच भुणभुण, "अहो, एक कमोड बसवू या. सुभाष रोडवर मिळतात." मी साफ नाही म्हटलं. शौचाला खुर्ची कशाला? आल्यागेल्यानं जिथं बूड टेकलं तिथं मी टेकणार नाही. आमचे वडील ऐंशीव्या वर्षापर्यंत उकिडवे बसले, त्यांना काय धाड भरली होती? त्याच काळात आमच्या संडासातला नळ दोनदा भिंतीतून उखडला. दोन्ही वेळा मी प्लंबरला कन्नडमध्ये झाडलं आणि नळ आणखी घट्ट बसवून घेतला.

मग मुलानं आम्हाला त्याच्याकडं जर्मनीला नेलं. एका दुपारी हायवेवरच्या सार्वजनिक संडासापाशी त्यानं गाडी थांबवली. पुरुषांच्या बाजूला गोरे एका ओळीत उभे, माना ताठ, नजर समोरच्या भिंतीवर, हूं की चूं नाही. आमच्या हुबळीच्या बसस्टँडवर अशा वेळी शेजारचा निदान जेवण झालं का म्हणून तरी विचारतो. यांची फरशी चकचकीत, आरसा चकचकीत, आणि आत गेलं की पाण्याचा थेंब नाही, नुसतं कागदाचं भेंडोळं. वरून कीर्तन, आतून तमाशा!

दाराच्या आतल्या बाजूला एक चित्र होतं. कमोडवर उकिडवा बसलेला माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. ते खास माझ्यासाठीच लावलंय असं वाटून माझं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला बसायला शिकवता? मी बुटांसकट वर चढलो. एका हातात घरून आणलेली पाण्याची बाटली, दुसरा हात भिंतीला. सीट सरकली आणि उजवा पाय घोट्यापर्यंत आत. थू! शिव्या मराठीत सुरू केल्या त्या कन्नडमध्ये संपवल्या.

बाहेर आलो तेव्हा बूट पचपच वाजत होता. मुलानं खाली बघितलं.

"अप्पा, हे काय?"

"त्यांची सीट ढिली आहे," मी म्हटलं.

बायको अजून आतच होती. मुलानं तिला अपंगांसाठीच्या वेगळ्या संडासात पाठवलं होतं. तिथं कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांड्या असतात, असं त्यानं सांगितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी दार ठोठावलं.

"अगं, पडलीस की काय?"

"नाही हो."

"मग झालं नाही का अजून?"

"केव्हाच झालं."

"मग बाहेर ये की! इथं काय मुक्काम करायचाय?"

ती आतूनच म्हणाली, "येते हो. नुसतं उठून बघत होते. चारदा उठले. एकदाही कण्हावं लागलं नाही. नळ धरावा लागत नाही, या दांड्या धरून उठता येतंय."

मुलाला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि त्या चकचकीत फरशीवर ओल्या बुटानिशी उभं राहून मला माझी लाज वाटली. दुसऱ्यांदा नळ उखडला तेव्हा मी प्लंबरवर ओरडलो होतो, "अरे, नळ काय कुणी लोंबकळायला लावलाय का?" ती तेव्हा माझ्या मागंच उभी होती, सांडलेलं पाणी पुसायला फडकं घेऊन.