भिंतीकडे तोंड

"तोंड भिंतीकडे कर."

साहेब पासवर्ड टाकायचे तेव्हा मला हे सांगायचे. दिवसातून तीनदा, चारदा. मी वळायचे. समोर ओल आलेली भिंत, तिच्यावर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मागे किबोर्डची टकटक. नऊ वेळा. नववी जोरात. मग "हं, ये." मी खुर्चीत बसून काम करायचे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. तिथले सगळे संगणक एका स्विचला जोडलेले. स्विच म्हणजे घरघरणारी काळी पेटी, सगळ्यांच्या वायरी तिच्यात. तिच्यात शिरायला एकच नाव, 'ॲडमिन', आणि एकच पासवर्ड. कोण आत आलं, कुठल्या संगणकावरून, किती वाजता, काय बदललं, याची नोंद ती ठेवायची. पण साहेब, माझ्याच हुद्द्यावरचा मंदार आणि मी, आम्ही तिघंही तिच्या लेखी एकच.

दुसरं कुणी पासवर्ड टाकत असताना आपण नजर वळवावी, एवढी रीत मला कळत होती. पण मंदार माझ्यानंतर सहा महिन्यांनी आला आणि त्याला पहिल्याच दिवशी पासवर्ड मिळाला. चहा पिता पिता. मी एकदा विचारलं, "साहेब, मला कधी?" ते मंदारकडे बघून हसले.

"कोट्यातून डिप्लोमा मिळतो. भरवसा नाही मिळत."

मंदारही हसला. लाज मला वाटली. मलाच का वाटली, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पोलादपूरजवळच्या आमच्या बौद्धवाडीत कंपनीत संगणकावर बसणारी मी पहिली. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लहानपणी बाबा दर मार्चमध्ये मला चवदार तळ्यावर न्यायचे, ओंजळीने पाणी पाजायचे. त्याच महाडात मी रोज भिंतीकडे तोंड करून उभी राहत होते आणि घरी सांगत नव्हते. सांगून करणार काय? दुसरी नोकरी होती कुठे?

एका दुपारी गोदामाचे संगणक बंद पडले. मालाचे ट्रक गेटवर अडकले. स्विचमध्ये कुणीतरी गोदामाची जोडणीच बंद केली होती. मुंबईच्या कचेरीने लेखी खुलासा मागितला. साहेबांनी कागद तयार करून माझ्यापुढे सरकवला. 'माझ्या चुकीमुळे' अशी सुरुवात. खाली माझं नाव.

"साहेब, मला पासवर्डच माहीत नाही."

"ते मुंबईला कुठे माहीत आहे? सही कर. समज देऊन सोडतील."

"मग आधी नोंद बघू."

मंदारने मान वर केली. त्याच्यादेखत साहेबांना नाही म्हणता येईना. ते खुर्चीत बसले. "तोंड भिंतीकडे कर."

मी वळले नाही. किबोर्डकडे बघितलं नाही. साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. नऊ टकटक झाली. नोंद उघडली. दोन वाजून दहा मिनिटं, गोदामाची जोडणी बंद, ॲडमिन, आणि संगणकाचा क्रमांक. तो क्रमांक मीच चिठ्ठीवर लिहून चिकटवला होता. साहेबांच्या संगणकावर.

साहेब उठले. स्विचची वायर उपटली. वीज गेली की ही नोंद पुसली जाते, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही. त्यांनी वायर परत लावली.

"आता दाखव नोंद. मंदार, तुला काय दिसलं?"

"काही नाही, सर."

झालं. दार बंद. सही केली तर गुन्हेगार, नाही केली तर घरी. संताप असा आला की रडूही येईना. मी पेन उचललं. साहेब खुर्चीत रेलले.

सहीच्या जागेवर मी काट मारली. खाली लिहिलं. वेळ. क्रमांक. कुणाचा संगणक. स्विच कुणी बंद केला. तेव्हा मंदार हजर होता. पासवर्ड मला कधीच दिलेला नाही, टाकताना मला भिंतीकडे तोंड करायला लावतात. मग सही केली. पूर्ण नावानिशी. साहेब काही बोलायच्या आत मी आवक-जावक खिडकीवर गेले, कागद मुंबईसाठी दिला आणि त्याच्या झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घेतली. वायर उपटून शाई पुसत नाही.

घरी सगळं सांगितलं. आई कपाळाला हात लावून बसली. "करून टाकायची व्हती गो सही. नोकरी हाय तर सगळं हाय." बाबांनी पोच मागून घेतली. दोनदा वाचली.

तीन आठवड्यांनी मला कमी केलं. कारण लिहिलं नाही. साहेब तिथेच राहिले.

तेव्हापासून जिथे कामाला लागते तिथे पहिल्या दिवशी मागते: माझं वेगळं नाव, माझा पासवर्ड, आणि मी जे करीन त्याची दुसऱ्या मशीनवर नोंद. कुणाला आवडत नाही. नाही आवडलं तर मी त्या पेटीला हात लावत नाही. माझी चूक माझ्या नावावर पडू दे, दुसऱ्याची घेणार नाही. दुसऱ्याच्या पासवर्डकडे मी आजही बघत नाही. नजर माझी मी वळवते.

पण भिंतीकडे तोंड? कुणी सांगून नाही.