रियाची आई

वेंगुर्ल्यातल्या काजूच्या कारखान्यात विनीता गर निवडायची. अख्खा एकीकडे, पाकळी दुसरीकडे. लेक साडेतीन महिन्यांची झाली तशी तिला सासूकडे ठेवून विनीता पुन्हा कामावर जाऊ लागली, तेही अर्धाच दिवस. चौथ्या सकाळी अकराच्या सुमारास तिचा नवरा जितेंद्र कारखान्याच्या फाटकाशी आला.

"घराक चल," एवढंच म्हणाला.

रिया पाळण्यात निजली होती, ती उठलीच नव्हती. ना ताप, ना खोकला. पोलीस आले, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. कारण काही सापडलं नाही. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, म्हणून पुरुषांनी नेऊन पुरलं. दहावं नाही, तेरावं नाही. तिसऱ्या दिवसापासून माणसं यायची थांबली.

विनीता रडली नाही. भांडी घासायची, कोणी वाढलं तर जेवायची. दूध मात्र थांबेना. पोलकं भिजलं की ती दुसरं घालायची. शेजारीण दारातून म्हणाली, "इतक्या बेगीन कामाक जावचा नाय होता गो." विनीताने ते ऐकून घेतलं. आपल्याला राग यायला हवा होता, हे तिला कळलं. पण तो आला नाही. सासू, काशीबाई, तिच्याशी बोलत नव्हती. तिच्याही मनात तेच असणार, असं विनीताने धरून टाकलं.

सोळाव्या दिवशी आरोंद्याहून डोरथी आली. साठी उलटलेली, निवृत्त शिक्षिका. बाळ गेलेल्या घरांना आधार देणारी एक लहानशी संस्था होती, तिच्यातर्फे ती गावोगाव जायची. गावच्या आरोग्यसेविकेने तिला कळवलं होतं. ओट्यावर बसून पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारलं, "चेडवाचा नाव काय?"

सोळा दिवसांत ते नाव घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

"रिया," विनीता म्हणाली.

"माझो रॉयडन. बावन दिसांचो होतो. असोच निजलेलो." डोरथीने पेला बाजूला ठेवला. मग हलक्या आवाजात तिने दुधाचं विचारलं, थंड पाण्याच्या घड्या कशा ठेवायच्या ते दाखवलं, आणि जाताना म्हणाली, "सावंतवाडीक एक डॉक्टर आसा. ते अहवाल वाचून नीट समजावतत. मी सोबत येतंय. सासूकय घे."

काशीबाई येईल असं वाटलं नव्हतं. पण ती नऊवारी नेसून सगळ्यांआधी एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी अहवाल सावकाश वाचला. श्वासनलिकेत दूध अडकलेलं नव्हतं. कुठे इजा नव्हती, कसला आजार नव्हता. "तपासून तपासूनही काही बाळांचं कारण सापडत नाही," ते म्हणाले. "यात तुमची चूक नाही. आई घरी असती तरी कदाचित हेच झालं असतं."

तेव्हा काशीबाई बोलली. "डॉक्टरानू, मी भाकरी भाजीत होतंय. मधे पाळणो थांबलो, तरी मी उठाक नाय. चेडू रडला असता तर माका आयकाक इला असता?"

"आजी, अशी बाळं रडत नाहीत. झोपेतच जातात."

काशीबाईने पदर तोंडात कोंबला. विनीता तिच्याकडे बघत राहिली. म्हणजे ही बाई इतके दिवस आपल्याला नाही, स्वतःलाच बोल लावत होती. विनीताला तरीही रडू आलं नाही. तिने फक्त हात पुढे केला आणि काशीबाईने तो घट्ट धरला. परतीच्या गाडीत एक प्रवासी दोघींच्या मधे बसू बघत होता, तर काशीबाई सरकलीच नाही.

महिन्यातून एकदा डोरथीच्या संस्थेत अशा आईबापांची बैठक व्हायची. पहिल्या पाच बैठकांत विनीता काहीच बोलली नाही, जितेंद्र बाहेरच गाडीपाशी उभा राहिला. सहाव्या वेळी तो आत येऊन बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. विनीता त्याची पाठ चोळत राहिली. तिचे स्वतःचे डोळे कोरडेच होते. डोरथी म्हणाली, "रडाकच होया असा काय नाय गो."

दोन वर्षांनी, यंदा मिरगानंतर, डोरथीचे गुडघे धरले म्हणून एरवी तिच्यासोबत जाणारी विनीता अशाच एका घरी एकटीच गेली. प्रिन्सी नावाची पोरसवदा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. विनीता खाली चटईवर बसली आणि तिने बाळाचं नाव विचारलं. प्रिन्सीने भिंतीकडे बघतच ते सांगितलं, मग विचारलं, "ह्या कधी संपतला?"

"म्हायत नाय," विनीता म्हणाली. "माझा अजून संपाक नाय. तू जेवलंस?"

प्रिन्सीने नाही म्हणून मान हलवली. विनीता उठली, स्वयंपाकघरात जाऊन तिने पेज गरम करायला ठेवली.