नागम्माची लांबलेली रात्र

उमरग्याच्या नागम्माला अंतर विचारलं, तर ती भाकरीत सांगायची. सोलापूर एक भाकरी, हैदराबाद दोन. ट्रकवाल्या नवऱ्याची, सिद्रामप्पाची, शिदोरी बांधता बांधता बसलेला हा हिशेब कधी चुकला नव्हता. पण लेक शिवरंजनी जर्मनीत बाळंत व्हायची होती, आणि फ्रँकफर्टला जायचं ते विमानानं, एकटीनं.

"हैदराबादहून नऊ तास," मुलगा गौरीशंकर म्हणाला. "रात्री दोनला निघतंय, सकाळी साडेसहाला उतरतंय."

दोन ते साडेसहा नऊ तास कसे होतील, हे घरात एकालाही खटकलं नाही.

"मग वाटेत कशाला खायचं? पोरीच्या घरी अंघोळ, पूजा, मगच घास," नागम्मानं ठरवून टाकलं. दिवस उगवल्यावर गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नसे. बाई हट्टाची, नेम त्याहून हट्टाचा.

विमानात तिच्या घड्याळात सात वाजले. रोजच्या सवयीनं तिनं साखरेच्या आजाराची गोळी कोरडीच गिळली आणि खिडकीबाहेर पाहिलं. काळोख. आत्ता उगवेल, म्हणत ती थांबली. आठ वाजले, नऊ वाजून गेले. समोर आलेला नाश्ता तिनं परत पाठवला. मग हात कापायला लागले आणि पोलकं घामानं भिजलं.

शेजारी बिदरची शिवानी होती, तिकडं नोकरी करणारी. "अव्वा, काय होतंय? गोळी घेऊन खाल्लं न्हाय व्हय?"

"दिवस उगवू दे की गं. आज सूर्याला काय धाड भरलीय?"

"आपण मावळतीकडं चाललोय, अव्वा. रात्र आपल्यासंगं पळतीय. थंडीत तिकडं उजाडतंय बी उशिरा, उतरलो तरी अंधारच असणार. उमरग्यात कवाच उजाडलंय."

नागम्मानं पुन्हा घड्याळ पाहिलं. डोळ्यांपुढं अंधारी येत होती. नेम मोडायची भीती होतीच. पण विमानतळावर अवघडलेली पोर उभी आहे आणि आई स्ट्रेचरवरून बाहेर येतेय, हे तिला मनात दिसलं.

तिनं लिंगाची चांदीची डबी काढली. बोटांना उघडेना. शिवानी पुढं झाली.

"न्हाय, लिंगाला दुसऱ्याचा हात लागू नये."

"मग मनगट धरते."

शिवानीनं खालून मनगट धरलं, तेव्हा डबी उघडली. बिनअंघोळीच्या कपाळाला विभूती लागली, तळहातावरच्या लिंगावर बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब पडले. हात जोडून होईतो शिवानीनं रसाचा पेला तिच्या ओठांना लावला. मागून आपल्या डब्यातली एक दशमी भरवली. हळूहळू हात कापायचे थांबले. नागम्मा पदरात तोंड घालून रडली.

फ्रँकफर्टला बाहेर अजून मिट्ट काळोख होता. शिवरंजनी गळ्यात पडली. सगळं ऐकून तिनं विचारलं, "आई, दिवस उगवायच्या आधीच खाल्लंस? तुझा नेम?"

नागम्मानं मनगट पुढं केलं. घड्याळात दुपारचे बारा वाजत आले होते.

"उमरग्यात दिवस माथ्यावर आलाय, बघ. आणि इथल्या सूर्याची वाट बघत मी मेले असते, तर तुझं बाळंतपण त्यानं केलं असतं व्हय?"