गोजराबाईच्या नावचे रोडगे

“हे दोन रुपये कायचे?” गोजराबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

“शिल्लक. बारा वर्षांचा पगार झाला चारशे बत्तीस. खर्च चारशे तीस. राह्यले दोन. घ्या अन् इथं अंगठा द्या.” बाहेर मांडी घालून बसलेल्या इंद्रभान कारकुनानं वही उंबऱ्यावरून आत सरकवली. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात त्याला पाय ठेवता येत नव्हता.

“पन खर्च कोनाचा? मी याच घरात जेवतो, याच घरातलं लुगडं नेसतो. मिसरी सोडली तर मले खर्चच नाई. चारशे तीस रुपयांची मिसरी घासली काय रे म्या?”

“मिसरी नाई, रोडगे.”

“कोनते रोडगे?”

“मारुतीपुढचे. तुमच्या नवसाचे.”

गोजराबाई हसली. हा माणूस अधूनमधून अशा थट्टा करायचा. हसता हसता तिनं तुळसाबाईकडे पाहिलं. घरची मालकीण कोपऱ्यात पाटावर बसून सुपारी कातरत होती. ती हसली नाही. अडकित्ता मात्र जरा जोरात चालायला लागला.

दोघी किन्हीराजाच्या. एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या. तुळसाबाई वऱ्हाडातल्याच मालेगावच्या दौलतरावांच्या घरात पडली आणि गोजराबाई गावातच दिली गेली. नवरा गेला तेव्हा दिरानं तिला गोठ्यालगतची दहा पावलं जागा दाखवली आणि हात झटकले. तुळसाबाईनंच तिला स्वयंपाकाला आणलं. “महिन्याचे तीन रुपये,” ती तेव्हा म्हणाली होती, “पन हाती घेऊ नको. तुह्याजवळ पैसा दिसला का दीर लुबाडून नेईन. आमच्याकडं जमा राहू दे.” गोजराबाईला ते इतकं पटलं की बारा वर्षांत तिनं एकदाही किती झाले म्हणून विचारलं नाही.

या बारा वर्षांत दौलतराव लोकल बोर्डातून थेट नागपूरच्या कौन्सिलापर्यंत गेले. बाहेर अंगात खादी आणि भाषणात ज्वारीची भाकर. त्या भाकरीवर तूप किती पडतं ते गोजराबाईला ठाऊक. तिला अक्षर येत नव्हतं, पण घराचा हिशेब तिच्या डोक्यात असायचा. सकाळी किती कप चहा गेला यावरून ती महिन्याची साखर सांगायची. गफ्फारशेठ किराणावाल्याचं बिल आलं की इंद्रभान आधी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन वाचायचा, आणि ती “व्हय” म्हणाली तरच बैठकीत न्यायचा. गफ्फारशेठ गिऱ्हाइकांना सांगायचा, “गोजराबाई बोलली, का काटा बोलला समजा.”

अशा बाईला स्वतःचाच हिशेब ठाऊक नव्हता.

काल किन्हीराजाहून गवंड्याचा निरोप आला होता. दगड मिळतोय, टिनाची एक खोली साडेतीनशेत उभी करून देतो. त्या दहा पावलांवर ती खोली गोजराबाईनं मनात कितीदा तरी बांधली होती. दार उगवतीला, चूल खिडकीखाली. हात थकले की लोकांच्या घरात पडून राहायचं नाही, आपल्या दारात बसायचं. म्हणून काल तिनं पहिल्यांदा पैसे मागितले होते.

“गफ्फारशेठचं बिल तुमच्या नावानं हाय,” इंद्रभान वाचायला लागला. “गोजराबाई, मारुतीचा नवस. गहू, तूप, तूरडाळ, गूळ, पत्रावळी. हा पाहा अंगठा.”

“तो अंगठा संक्रांतीच्या लुगड्याचा. पावती म्हनून घेतला तू.”

“कागदावर तसं लिवलेलं नाई.”

“लिवनारा कोन? तूच ना!”

आता तिच्या डोळ्यापुढे तो दिवस आला. पौषातला, मतदानाच्या आठ दिवस आधीचा. मारुतीच्या पारापुढं गोवऱ्यांचे ढीग फुललेले, त्यात कणकेचे रोडगे भाजायला टाकलेले, वांग्याच्या भाजीची कढई उकळत असलेली. शेलूबाजारपासून बैलगाड्या आल्या होत्या. सहाशे पान उठलं. ती पहाटेपासून पीठ मळत होती. तेवढ्यात तुळसाबाईनं येऊन तिचा पिठाचा हात धरला. “गोजरा, चाल. नारळ तू फोडायचा. पयला रोडगाबी तुह्याच हातचा.”

विधवा बाई. अशा वेळी तिनं मागं राहायचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती नाही नाही म्हणत राहिली आणि तुळसाबाई तिला ओढत राहिली. सगळ्या गावासमोर तिनं नारळ आपटला, एका घावात दोन भकलं झाली. लोकांनी जयजयकार केला. तिला रडू आलं होतं. नंतर किन्हीराजाला गेली तेव्हा तिनं घरोघरी सांगितलं, आमच्या तुळसाबाईनं मले कसा मान देल्ला. त्या नारळाची करवंटी तिनं घासूनपुसून चुलीजवळ ठेवली होती. तिच्यात मीठ असायचं.

“नवस ज्याचा, नारळ त्याचा,” इंद्रभान म्हणाला. “सहाशे लोकायनं पाह्यलं. आता म्हनता, माहा नाई.”

बैठकीतून दौलतराव आले. आवाज ऐकून आले होते, पण स्वतःचा आवाज त्यांनी चढवला नाही. दारातल्या चौरंगावर बसले.

“गोजराबाय, मी समजावून सांगतो. मतदारायले जेवू घालणं कायद्यात बसत नाई. पडलेल्या उमेदवारानं माह्यावर अर्ज केला. ते जेवन माहं ठरलं तर माही जागा गेली. ते तुमच्या नवसाचं ठरलं, तर कोनाचंच काही जात नाई.”

“माहे चारशे तीस गेले ना.”

“बुधवारी अकोल्याले चौकशीले चाला. साहेब विचारील, नवस कोनाचा? तुमी म्हना, माहा. बस.”

“अन् मंग पैसे वापस भेटतील?”

“वापस देल्ले तर ते माहेच झाले ना बाय. तेच तर ते धुंडून राह्यले. तुमचा पैसा तुमच्याच खर्चात गेला, असं दिसलं पायजे. तुमाले काय कमी हाय? मरेपर्यंत हे घर तुमचं.”

“हिलेच कौन्सिलात बसवा मालक,” इंद्रभान म्हणाला, “वकिलावानी सवाल इचारते.”

गोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तुळसाबाईसमोर जाऊन खाली बसली. बारा वर्षांत माणसांसमोर तिनं तिला ‘तू’ म्हटलं नव्हतं.

“तुळसे, माह्या हाती नारळ देल्ला, तवा तुले मालूम होतं?”

अडकित्ता थांबला.

“यायनं सांगतलं होतं,” तुळसाबाई सुपारीकडे बघत म्हणाली. “मले वाटलं, मान बी होईन तुहा अन् काम बी होईन. तुले किती आनंद झाला होता, आठव.”

“झाला होता,” गोजराबाई म्हणाली.

ती उठली. भाताचं पातेलं चुलीच्या वैलावर सरकवलं, वरणावर झाकण घातलं, हात धुऊन पदराला पुसले. करवंटीतलं मीठ बरणीत ओतलं आणि रिकामी करवंटी चुलीत टाकली. नारळाची करवंटी, लगेच पेटली. मग तिनं उंबऱ्याआतली वही पायानं लोटली नाही, हातानं उचलली आणि इंद्रभानच्या मांडीवर ठेवली. दोन रुपये वहीवर ठेवले.

“अंगठा देत नाई,” ती म्हणाली. “रातचा सयपाक झाला हाय, वाढून घ्या. उद्यापासून चूल तुमची. बुधवारी मी अकोल्याले जातो, पन तुमच्या मोटारीत नाई. साहेबानं इचारलं का सांगीन, नवस माहा नोयता.”