पार्टिशनपलीकडच्या सुमनताई

सोमवारी सकाळी आमचा शिपाई पलीकडचा टेबलफॅन उचलून साहेबांच्या केबिनकडे निघाला होता. "हा सुमनताईंचा ना?" मी विचारलं. "होता. बाई गेल्या न काल," असं म्हणून तो वायर गुंडाळत पुढे गेला... राख थंड व्हायच्या आत पंख्याची सोय लागली होती.

वणीतल्या या सरकारी कार्यालयात सुमनताई ठमके आणि मी कित्येक वर्षं पाठीला पाठ लावून बसलो. मधे प्लायवूडचं पार्टिशन. त्यांच्या विभागाचं दार मागच्या गल्लीत, आमचं रस्त्यावर; मधली वाट साहेबांच्या केबिनमधून, म्हणजे आमच्यासाठी बंदच. ओळख होती ती आवाजाची. फाइलींवरची, खाणींतून उडत येणारी कोळशाची धूळ झटकता झटकता आम्ही अख्खं कार्यालय सोलून काढायचो, आणि ते कार्यालय होतंही त्याच लायकीचं.

त्यांचा चेहरा मी पाहिला तो एकदाच. मे महिन्यात दुपारी मला भोवळ आली आणि मी टेबलावरच कोसळले. खोलीत चार पुरुष होते, चौघेही मोबाइलमध्ये. 'झोपली असन,' असं त्यांनी ठरवून टाकलं. डोळे उघडले तेव्हा एक सावळी, ठेंगणी बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. अख्ख्या इमारतीला वळसा घालून, भर उन्हात धावत आलेली. "बोलता बोलता गप झाल्या तुमी, म्हून आली," त्या म्हणाल्या. मग त्या चौघांकडे वळल्या, "तुमाले काहून नाही दिसलं जी?"

अशा बाईची शोकसभा आमच्या कार्यालयाने उरकली. साहेब गालात तंबाखूचा खर्रा दाबून म्हणाले, "सुनंदाबाई फार मनमिळाऊ होत्या." मी उभी राहिले. "सुमन. सुमन ठमके." "तेच ते," साहेब म्हणाले, आणि माणसं घड्याळाकडे बघत पांगली.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दारात मी बोलले मात्र, त्यांची मुलगी माधुरी एकदम म्हणाली, "तुमी पलीकडच्या मावशी न? आई घरी तुमच्या आवाजाची नक्कल करे." तिने ती करून दाखवली. आम्ही दोघी हसलो, मग दोघींनाही रडू आलं... जरा वेळाने मी विचारलं, "ऑफिसातून कोणी आलं होतं का?"

"आलते न. टेबलाच्या ड्रॉवरची चाबी मांगाले."

"दिलीस?"

"सापडत नाही म्हटलं." तिच्या मुठीतच होती ती.

पलीकडे आता रोज कोणीतरी तो ड्रॉवर ओढून बघतं, लाथ घालतं, शिव्या देतं. मी ऐकते आणि माझं काम करत राहते. चाबी कुठे आहे, ते मला कोणी विचारत नाही.