न सांगता घरापर्यंत

अदिस अबाबाच्या बोले विमानतळाबाहेर, पिवळ्या टॅक्सींच्या रांगेपलीकडच्या उतारावर, भाड्याच्या निळ्या-पांढऱ्या जुन्या लाडा गाड्या उभ्या असत. त्यांतली सगळ्यांत थकलेली गाडी ताफेसेची. तिची एक काच हाताने ओढून वर घ्यावी लागे आणि मागचे दार फक्त बाहेरून उघडे. तरीही विमानतळावरून माणूस आणायचा असला, की शहरातली कितीतरी घरे त्यालाच बोलावत. ती काही गाडीवर भाळून नव्हे. त्यांना ताफेसेच्या तोंडाची खात्री होती.

त्या मुलखात मृत्यूची बातमी फोनवर देत नाहीत. परदेशी गेलेल्या मुलाला ‘आईला बरं नाही, येऊन जा’ एवढेच कळवायचे. तो आला की घरी न्यायचे, भोवती जाणती माणसे बसवायची, दोन्ही बाजूंना धरायला भक्कम हात ठेवायचे, आणि मग वडीलधाऱ्याने तोंड उघडायचे. याला मेर्दो म्हणतात. अशी बातमी कोणी एकट्याने ऐकू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण विमानतळ ते घर हा मधला रस्ता फार नाजूक. घरचे कोणी न्यायला आले तर त्यांचे डोळेच बोलून जातात. म्हणून ताफेसे.

तो टोमॅटोच्या भावाबद्दल बोलायचा, खणून ठेवलेल्या रस्त्यांना शिव्या घालायचा, नव्या उंच इमारतींच्या काचा पुसायला कोण चढत असेल यावर पैज लावायचा. मागे बसलेला माणूस हसायचा. एकदा एका बाईने सरळ विचारले होते, “गाशे, खरं सांगा, माझी आई आहे ना?” वयाने मोठा म्हणून त्याला सगळेच गाशे म्हणत. त्याने आरशात न पाहता उत्तर दिले, “परवा त्यांच्याकडे कॉफी प्यायलो. अजून मीठ घालून देतात, जुन्या माणसांसारखं.” बाई निवांत झाली. त्या दिवशी ताफेसेने दुसरे भाडे घेतले नाही.

त्याचे स्वतःचे घर म्हणजे गुलेले भागातली एक खोली. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. एकुलती मुलगी त्सिगे बैरुतला एका घरी कामाला गेली, तेव्हा तिला विमानतळावर त्यानेच सोडले होते. दर रविवारी प्रार्थना आटोपली की तिचा फोन यायचा. भाड्याच्या गडबडीत तो हुकू नये, म्हणून रविवारी सकाळी तो गाडीच काढत नसे. गेले काही रविवार मात्र फोन आला नव्हता. त्याने लावला तर तो बंद. त्याचा चुलतभाऊ मेसेले कोतेबेला राहायचा आणि त्याचीही मुलगी बैरुतलाच होती. ताफेसेने त्याला विचारले. तिकडची लाइनच खराब आहे, सगळ्यांचेच तसे चालले आहे, असे मेसेलेने सांगितले आणि फोन ठेवला. एरवी हा मेसेले बोलायला लागला की कान गरम होईपर्यंत सोडत नसे. ताफेसेने ते मनात कुठेतरी ढकलून दिले.

आणि मग दूर उत्तरेकडच्या गोंदरहून धाकट्या बहिणीचा, वोर्कनेशचा, निरोप आला. सकाळच्या विमानाने येते आहे, न्यायला ये.

उतारावर ही गोष्ट सांगितल्यावर शिफेराव नावाचा चालक खो खो हसला. “विमानानं? गाशे, तुझी बहीण बसमध्ये शेजारच्याच्या मांडीवर मसुराची गोणी ठेवून येणारी बाई. गोंदरला सोनं सापडलं की काय? सापडलं असेल तर आधी ती काच बसवून घे.”

ताफेसेही हसला. पण आयुष्यात कधी विमानात न बसलेले माणूस घाईने विमानात का बसते, हे त्या उतारावर त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

वोर्कनेश बाहेर आली ती हसतच. तिने त्याच्या दोन्ही गालांवर ओठ टेकले, पुन्हा टेकले, थांबेचना. पांढरी ओढणी नीट घेतली होती, रंगीत काठ खाली होता, जसा सुखाच्या दिवसांत असतो. मात्र तो काठ ती सारखा चाचपत होती. सामान म्हणून हातात एक छोटी पिशवी. तिने ना लोणी आणले होते ना मसाल्याचे तिखट, आणि भावाकडे रिकाम्या हाताने येणारी ही बाई नव्हती.

“गाशे, तुझ्याकडे नंतर जाऊ,” ती म्हणाली. “आधी मेसेलेकडे कोतेबेला. त्याच्याकडे कॉफी ठेवलीय.”

“कशाबद्दल?”

“उगाच. खूप दिवसांत सगळे भेटलो नाही म्हणून.”

ताफेसेने पुढचे दार उघडून तिला बसवले. गाडीला दोनदा किल्ली द्यावी लागली.

विमानतळासमोरच्या मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत त्याला सगळे कळून चुकले होते. कोणी गेले होते आणि ते त्याचे होते. आणि त्याचे असे, ज्याच्यासाठी बहिणीला विमानाने आणावे लागेल असे, एकच माणूस उरले होते. विचारायचा अवकाश होता. ‘त्सिगे का?’ एवढे दोनच शब्द. वोर्कनेश पहिल्या शब्दालाच कोसळली असती. मग भर रस्त्यात, मागे हॉर्न वाजत असताना, हृदयाच्या गोळ्या खाणारी ती म्हातारी आणि तो, दोघेच. त्याला न सांगता मेसेलेकडे न्यायचे काम सोपवणाऱ्यांनी तिच्याकडून वचन घेतले असणार. असल्या वचनाचे वजन त्याने वर्षानुवर्षे वाहिले होते. ते तिच्या हातून पडू द्यायचे नाही, एवढे त्याने ठरवले.

वोर्कनेशला मात्र हे काम जमत नव्हते. ती यंदाच्या पिकाबद्दल बोलू लागली आणि अर्ध्या वाक्यात थांबली. मग म्हणाली की विमानात खायला दिलेला पाव फार मऊ होता. आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवले. मेधने आलेमचे मोठे चर्च आले तेव्हा तिने वाकून क्रूसाची खूण केली आणि वाकलेलीच राहिली.

“पाव मऊ होता म्हणतेस,” ताफेसे म्हणाला. “लपवून एखादा आणला असशील ना माझ्यासाठी? लहानपणी सणाच्या भाकरीचे काठ कोण कुरतडायचं आणि मार कोण खायचं, आठवतंय?”

तिने मान वर केली. “मार तू खायचास.”

“आणि तू शेजारी उभी राहून माझ्यापेक्षा मोठ्यानं रडायचीस. आईला कळेना नक्की कोणाला मारलं.”

वोर्कनेश खरोखरच हसली आणि त्या हसण्यात डोळे पुसून घ्यायला तिला वाव मिळाला. त्याने तिकडे पाहिले नाही.

कोतेबेला जायला बाहेरच्या वळणरस्त्याने फार वेळ लागत नाही. ताफेसेने गाडी शहरात घातली. मेस्केल चौकातून तो वर चढला, अरात किलो चौकाच्या गर्दीत शिरला. अनोळखी प्रवाशाला कधीही लांबून न नेणारा हा माणूस आज बहिणीला अख्खे शहर फिरवत होता आणि तिला रस्ते ठाऊक नव्हते. मेसेलेच्या अंगणात कोणी उठून बोलेपर्यंत त्सिगे बैरुतला कुणाची तरी भांडी घासत होती, फोनची लाइन खराब होती, येत्या रविवारी ती सुधारणार होती. अरात किलोला सिग्नलवर गाडी थांबली. त्याने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर घेतले. सिग्नल सुटला तरी त्याला कळले नाही. मागचा चालक खिडकीतून ओरडला, “आजोबा, इथंच बिऱ्हाड केलंय का?” ताफेसेने हात दाखवून माफी मागितली. जे काही तुटायचे होते ते तिथेच तुटले आणि शेजारी बसलेल्या बहिणीलाही त्याचा आवाज आला नाही.

मग त्याने रस्ता लांबवला नाही.

मेसेलेच्या दारात गाडी थांबली तेव्हा अंगणात बाके मांडलेली दिसली. लग्नघरात असतात तेवढी माणसे होती आणि कोणीच बोलत नव्हते. वोर्कनेशला उतरवेना. ताफेसे वळसा घालून आला, तिच्या कोपराला हात दिला आणि हळूच म्हणाला, “चल. थांबलेत सगळे.” तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याने तिथे काहीही दिसू दिले नाही.

त्याला मधल्या बाकावर बसवले. मेसेले एका बाजूला, त्याचा थोरला मुलगा दुसऱ्या बाजूला. वृद्ध धर्मगुरू उठले. देवाने दिलेले, देवाने नेलेले, अशी दूरवरून सुरुवात करत, प्रत्येक वळणावर त्याला तयार करत, ते अखेर नावापर्यंत आले. त्सिगेला ताप आला होता, इस्पितळात नेले, पण उशीर झाला होता. बायकांचा एकच आकांत उठला. वोर्कनेशने ओढणी झटकून काठ वर, गळ्याशी घेतला, जसा दुखवट्यात घेतात. इतका वेळ कोंडलेले रडणे तिच्यातून असे बाहेर पडले, की तिलाच चौघींना धरावे लागले.

मेसेले आणि त्याच्या मुलाने ताफेसेला दंडांत घट्ट पकडले होते. हा पडेल, डोके आपटून घेईल, म्हणून त्यांनी सगळी ताकद एकवटली होती. ताफेसेचा तोल जात नव्हता. अरात किलोच्या सिग्नलवर, हात मांडीवर घेऊन, त्याने ते सगळे आधीच ऐकले होते आणि तेव्हा त्याला धरणारे कोणी नव्हते. हे आता कोणाला सांगण्यासारखे राहिले नव्हते. सांगितले असते तर वोर्कनेशने जन्मभर स्वतःला दोष दिला असता.

त्याला धरणाऱ्या दोघांचे दात आवळलेले होते, मनगटांच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्यांना ओझे जाणवावे म्हणून ताफेसेने आपले अंग थोडे सैल सोडले.