चाळीचा अंतरपाट

हिंदमाताच्या कापडबाजारात कोऱ्या मांजरपाटाचा वास आला की मला ती दुपार आठवते बघा. पोटासाठी मी लग्नाचे अंतरपाट रंगवायची आणि तसल्याच कापडावर स्वतःची चित्रं. दोन वर्षं खपून काढलेलं आमच्या चाळीचं चित्र दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला जायचं होतं. एका नवरीची आई तिचा अंतरपाट न्यायला आली ती त्या चित्रापुढेच थांबली. "काकू, हाच द्या. वर शुभमंगल सावधान लिहा, झालं." "अहो, ते लग्नाचं नाही." "कापड तेच ना?" तिच्या नात्यातली पुढची सगळी लग्नं माझ्याकडे येणार होती, म्हणून मी चाळीच्या कौलांवर सोनेरी अक्षरं काढली. लग्नात मंगलाष्टकं संपली तसं ते चित्र गुंडाळून कुणीतरी खुर्चीखाली सारलं. अजूनही मी स्वतःचं चित्र काढायला बसते, पण हात आपोआप वरती अक्षरांपुरती जागा सोडतो.